स्वस्तात कॅमेरा ट्रॅकिंग: मेणवलीच्या घाटावर दीपमाळ उभी करायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेशवाईच्या काळातला लघुपट आहे. वाईजवळ कृष्णेकाठी असलेल्या मेणवलीच्या घाटावर गिंबल (कॅमेरा डुलू न देणारी दांडी) धरून चालत घेतलेले काही शॉट आहेत आणि पायऱ्यांच्या वरच्या अंगाला एक दगडी दीपमाळ थ्रीडीत बांधून उभी करायची आहे. आफ्टर इफेक्ट्सच्या कॅमेरा ट्रॅकरनं (चित्रणावरून कॅमेऱ्याची हालचाल शोधून काढणाऱ्या साधनानं) करून पाहिलं, पण दीपमाळ जमिनीला टेकत नाही. कॅमेरा पुढे गेला की ती सरकते. लॅपटॉपला १६ जीबी रॅम, खर्चाची मर्यादा पंधरा हजार रुपये. तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

आत्ता कोणतंच घेऊ नका. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उतरवून घ्या, ते फुकट आहे. पंधरा हजारांतले थोडे पैसे मोजपट्टी घेऊन घाटावर परत जाण्यावर घालवा. तुमची दीपमाळ सरकते त्याचं कारण सॉफ्टवेअर स्वस्त आहे की महाग हे नसावं, असा माझा अंदाज आहे. लेन्सची माहिती न देता केलेला सॉल्व्ह (कॅमेऱ्याची जागा काढायचं गणित) आणि पाण्यावर बसलेले मार्कर (माग काढायच्या खुणा) ही दोन कारणं मला जास्त संभवतात. मोठ्या स्टुडिओंतलं थ्रीडी इक्वलायझर आणून दिलं तरी या दोन गोष्टी तशाच राहिल्या तर दीपमाळ सरकणारच.

हे काम नेमकं काय असतं ते दोन ओळींत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चालत्या कॅमेऱ्यातून पाहताना जवळचा दगड भरभर सरकतो, लांबचं देऊळ हळू सरकतं. या फरकाला पॅरलॅक्स म्हणतात. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये त्याच त्या खुणा शोधतं आणि हा फरक वापरून उलटं गणित मांडतं: कॅमेरा कुठे होता, कुठे वळला, आणि या खुणा अवकाशात कुठे आहेत. पॅरलॅक्स नसेल तर खोली कळायला दुसरा आधार नसतो. म्हणून ट्रायपॉडवरून नुसता पॅन केलेल्या शॉटसाठी ब्लेंडरमध्ये ट्रायपॉड नावाचा वेगळा पर्याय आहे. तो फक्त कॅमेऱ्याचं वळणं काढतो, खोली काढायच्या भानगडीत पडत नाही.

बाजारात काय आहे ते पटकन सांगतो. मोठ्या स्टुडिओंमध्ये जर्मनीच्या सायन्स-डी-व्हिजन्सचं थ्रीडी इक्वलायझर चालतं. मुंबई-पुण्यात मॅचमूव्ह आर्टिस्टची, म्हणजे हेच ट्रॅकिंग करणाऱ्याची, नोकरी हवी असेल तर ते शिकावंच लागेल, पण एका लघुपटासाठी त्याची गरज नाही. ब्रिटनच्या पिक्सेल फार्मचं पीएफट्रॅक हे दुसरं जुनं नाव. मँचेस्टर विद्यापीठात तयार झालेलं आणि फुकट मिळणारं इकॅरस हे त्याचं मूळ. ऑक्सफर्डच्या टूडीथ्रीचं बूजू एके काळी स्वयंचलित ट्रॅकिंगचा चमत्कार वाटायचं. आता ते बंद झालंय, कुणी जुनी प्रत देऊ केली तर नादी लागू नका. तीच गोष्ट क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरची. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी आठवड्याचा डेटा एन्क्रिप्ट होऊन बसला की फुकटचं किती महागात पडतं ते कळतं.

न्यूक या कॉम्पोझिटिंगच्या (दृश्याचे थर एकत्र जुळवायच्या) सॉफ्टवेअरची विनाव्यवसाय आवृत्ती फुकट मिळते आणि तिच्यात कॅमेरा ट्रॅकर असतो, पण रेंडर फुल एचडीपुरताच आणि विकायच्या कामाला परवानगी नाही. डाविंची रिझॉल्व्ह या संकलन-रंगकामाच्या सॉफ्टवेअरच्या फ्यूजन विभागातही कॅमेरा ट्रॅकर आहे, मात्र तो स्टुडिओ आवृत्तीत. तिची अमेरिकेतली किंमत २९५ डॉलर, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या वर. ती एकदाच मोजायची असल्यामुळे रंगकामासाठी रिझॉल्व्ह घेणारच असाल तर ट्रॅकर सोबत मिळतो, पण केवळ ट्रॅकिंगसाठी मी ते घेणार नाही. मेशरूम हे फोटोंवरून मॉडेल बनवणारं मुक्त सॉफ्टवेअर अलीकडे व्हिडिओवरून कॅमेराही काढून देतं. तुमच्यासारख्या दगडी, स्थिर दृश्यात ते छान चालतं. फक्त हाताने दुरुस्ती करायला फारसा वाव नाही, जे आलं ते घ्यायचं.

उरलं सिंथआइज. रस अँडरसन यांनी ते २००३ च्या सुमारास आणलं, तेव्हा बाकीचे ट्रॅकर हजारो डॉलरचे होते आणि हे काही शे डॉलरला मिळायचं. एकट्यादुकट्या कलाकारांत ते त्यामुळेच पसरलं. आता ते बोरिस एफएक्सकडे आहे. पैसे देऊन काही घ्यायचंच झालं तर माझं मत सिंथआइजला. ते कधी घ्यायचं ते शेवटी सांगतो.

ब्लेंडरचा ट्रॅकर कुणी हौस म्हणून जोडलेला नाही. सर्गेई शारिबिन यांनी २०११ च्या गुगल समर ऑफ कोडमध्ये त्यावर काम केलं, डिसेंबर २०११ च्या २.६१ आवृत्तीत तो आला, आणि पुढच्याच वर्षी ब्लेंडर फाउंडेशननं ‘टिअर्स ऑफ स्टील’ हा जिवंत नट आणि थ्रीडी यांचं मिश्रण असलेला लघुपट त्याच्यावर करून दाखवला. त्यामुळे तो खऱ्या प्लेटवर (कॅमेऱ्यानं घेतलेल्या मूळ चित्रणावर) घासून निघालेला आहे. त्याला काय जमत नाही तेही सांगून ठेवतो: शॉट चालू असताना झूम केला असेल तर बदलती फोकल लेंथ तो काढू शकत नाही. रोलिंग शटरची (सेन्सर ओळीओळीनं चित्र टिपतो, म्हणून झटक्यात वळताना उभ्या रेषा तिरक्या होतात त्याची) दुरुस्ती नाही. आणि घाटावर मोजलेली अंतरं सॉल्व्हच्या गणितातच बंधन म्हणून घालता येत नाहीत, नंतर माप लावता येतं.

आता तुमचा शॉट. फाइल थेट ब्लेंडरमध्ये ओढू नका. आधी पीएनजी फ्रेमची मालिका करा, एफएफएमपेग या फुकट साधनानं किंवा आफ्टर इफेक्ट्समधूनच. मोबाइलचं चित्रीकरण असेल तर हे सक्तीचंच समजा, कारण मोबाइल अनेकदा बदलत्या फ्रेमरेटनं रेकॉर्ड करतो आणि मग ट्रॅक व संकलन यांचा मेळ कधीच बसत नाही. रॅमचा हिशोबही करा. फुल एचडीची एक फ्रेम उघडल्यावर साधारण ८ एमबी घेते, २०० फ्रेमना दीड जीबीच्या वर. फोर-केला त्याच्या चौपट. १६ जीबीच्या लॅपटॉपवर फोर-केचा लांब शॉट अडखळेल, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये मेमरी कॅशची मर्यादा वाढवा आणि मूव्ही क्लिप एडिटरमध्ये पी दाबून फ्रेम आधी भरून घ्या. ग्राफिक्स कार्डची काळजी नको, ट्रॅकिंगला ते लागत नाही. रेंडरला लागेल.

त्याआधी एक गोष्ट तपासा: कॅमेऱ्यात किंवा मोबाइलमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू होतं का? ते प्रत्येक फ्रेमचा वेगवेगळा भाग कापून देतं, त्यामुळे लेन्सचा मध्यबिंदू दर फ्रेमला हलतो आणि सॉफ्टवेअर मात्र तो स्थिर धरून चालतं. असा शॉट कितीही घासला तरी थोडा डुलतोच. गिंबल हातात असताना ते बंद ठेवायला हवं. आणि संकलकानं वार्प स्टॅबिलायझर (थरथर काढणारा इफेक्ट) लावलेली प्लेट दिली असेल तर परत करा, मूळ मागा. आधी ट्रॅक, नंतर स्टॅबिलायझर.

मग लेन्स. ट्रॅक टॅबमध्ये कॅमेऱ्याच्या खान्यात सेन्सरची रुंदी आणि फोकल लेंथ भरा. फुल फ्रेम असेल तर ३६ मिमी, सोनीचा एपीएस-सी असेल तर २३.५, कॅननचा असेल तर २२.३. यात मेख अशी की बरेच कॅमेरे फोर-के व्हिडिओ घेताना सेन्सरचा सगळा भाग वापरत नाहीत. तेव्हा वापरलेल्या भागाची रुंदी भरायची, कॅमेऱ्याच्या पेटीवर छापलेली नव्हे. मोबाइलच्या बाबतीत सेन्सर ३६ धरून कंपनीनं सांगितलेली समतुल्य फोकल लेंथ भरा, २४ किंवा २६ जी असेल ती. ही फक्त सुरुवात, बाकीचं रिफाइनवर, म्हणजे सॉल्व्ह करताना ही मूल्यं सुधारून घेणाऱ्या पर्यायावर, सोडू. तुमच्या आफ्टर इफेक्ट्सच्या प्रयत्नात मला इथेच गडबड दिसते. तो ट्रॅकर काहीच न सांगता चालतो, ही त्याची सोय आणि तीच खोड. त्यात दृश्यकोन स्वतः भरायची सोय आहे, पण बहुतेक जण तिकडे फिरकतच नाहीत.

मार्कर हाताने टाका. आपोआप मार्कर टाकणारं डिटेक्ट फीचर्सचं बटण मोहात पाडतं, पण घाटावर ते सगळ्यात आधी कृष्णेच्या पाण्यावरच्या चमचमीवर आणि झाडांच्या पानांवर झेपावेल. पाणी वाहतं, पानं हलतात, आणि हे हलणं कॅमेऱ्याचं आहे असं सॉल्व्हर समजतो. कंट्रोल दाबून क्लिक केलं की मार्कर बसतो. जागा निवडा ती दगडाच्या कोपऱ्याची, चुन्याच्या डागाची, दोन दगडांमधली सांध जिथे फुटली आहे तिची. वसईहून आणलेली घंटा टांगलेल्या त्या छोट्या देवळाचे कोपरे उत्तम. ते लांब आहेत आणि बऱ्याच फ्रेम टिकतील.

पायऱ्यांबाबत सावध राहा. सगळ्या पायऱ्या एकमेकींसारख्या असतात. कॅमेऱ्याला जरा धक्का बसला की एका पायरीच्या कडेवरचा मार्कर उडी मारून खालच्या पायरीवर बसतो आणि ट्रॅकरला ते बिनचूक जुळलेलं वाटतं. म्हणून नुसती कड कधी घेऊ नका, कोपरा किंवा डाग घ्या, आणि शोधाची चौकट सुरुवातीच्या आकारापेक्षा थोडी लहान करा. चालताना दगड मोठा होत जातो, कोनही बदलतो, त्यासाठी मोशन मॉडेल नुसत्या लोकेशनवरून (फक्त जागा) अफाइनवर (आकार, वळण, तिरकेपणाही) न्या. ढगांमुळे उजेड बदलत असेल तर नॉर्मलाइझ चालू करा.

फसव्या कोपऱ्यांचा एक प्रकार नवख्यांना दिसतच नाही. पुढची फांदी आणि मागच्या भिंतीची कड एकमेकींना छेदतात तिथे छान टोकदार कोपरा दिसतो. मार्कर त्यावर घट्ट बसतो, आलेखात रेष गुळगुळीत येते. पण तो बिंदू जगात अस्तित्वातच नाही. कॅमेरा सरकला की तो छेद फांदीवरून घसरत जातो. असा एखादा मार्करही सगळा सॉल्व्ह वाकडा करू शकतो.

ब्लेंडरला निदान आठ मार्कर लागतात, जे सॉल्व्हसाठी निवडलेल्या दोन्ही मुख्य फ्रेममध्ये दिसतील. आठवर भागवू नका. कुठल्याही फ्रेमला वीसच्या आसपास चांगले मार्कर असावेत, आणि ते जवळ, मध्ये, लांब, डावीकडे, उजवीकडे असे विखुरलेले हवेत. सगळे एकाच भिंतीवर घेतले तर खोलीचं गणित डळमळतं. थोडे पण लांब टिकणारे मार्कर हे ढीगभर क्षणभंगुर मार्करांपेक्षा केव्हाही बरे. मार्कर फ्रेमबाहेर जाताना कॅमेऱ्याला झटका बसताना दिसला तर त्या मार्करचं वजन शेवटच्या काही फ्रेममध्ये हळूहळू शून्यावर आणा. ही सोय ब्लेंडरमध्ये आहे, पण फार कमी लोक वापरतात.

सॉल्व्ह केल्यावर वर एक आकडा येतो, सरासरी चूक पिक्सेलमध्ये. एकच्या खाली आला की लोक टाळी देतात. मी त्या आकड्यावर विसंबत नाही. चुकीच्या फोकल लेंथवरही अर्ध्या पिक्सेलचा सॉल्व्ह येतो. सॉफ्टवेअर जग थोडं चेपून, कॅमेरा थोडा पुढेमागे सरकवून आकडा जुळवून घेतं. त्याहून वाईट म्हणजे जास्त चूक दाखवणारे मार्कर एकेक करून उडवत आकडा खाली आणणं. त्यात कधीकधी खरं सांगणारेच मार्कर उडतात आणि एकमेकांना दुजोरा देणारे खोटे राहतात.

त्याऐवजी वरून पाहा. सीन सेट करून टॉप व्ह्यूमध्ये बिंदूंचा ढग बघितला की घाटाचा नकाशा ओळखू यायला हवा. मेणवलीत एक गंमत आहे: घाट मुळातच चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. त्यामुळे ढगातल्या पायऱ्या वाकलेल्या दिसल्या तर तो घाटाचा खरा बाक की लेन्सच्या डिस्टॉर्शननं (सरळ रेषा वाकवण्यानं) आणलेला खोटा, हे पायऱ्यांवरून कळणार नाही. त्यासाठी सरळ वस्तू शोधा. देवळाच्या भिंतीवर ओळीत टाकलेले चार-पाच मार्कर वरून पाहताना एका रेषेत आले पाहिजेत, आणि दोन भिंतींच्या कोपऱ्याशी काटकोन दिसला पाहिजे. काटकोन फाकलेला किंवा मिटलेला असेल तर फोकल लेंथ चुकली आहे. मग रिफाइनमध्ये फोकल लेंथ आणि डिस्टॉर्शनचे के-१, के-२ हे गुणांक चालू करून पुन्हा सॉल्व्ह करा. पण सगळं एकदम मोकळं सोडू नका: आधी फोकल लेंथ, ती स्थिरावली की डिस्टॉर्शन.

मोजपट्टी इथे उपयोगी पडते. दोन मार्करांमधलं एक अंतर मोजून सेट स्केलला द्या. मग दुसरं एक अंतर, शक्यतो पहिल्याशी आडवं आणि लांबचं, ब्लेंडरमध्ये मोजा आणि घाटावरच्या मापाशी ताडून पाहा. दोन्ही जुळली तर सॉल्व्ह खरा. पहिलं जुळून दुसरं दहा टक्क्यांनी हुकत असेल तर आकडा ०.२ असला तरी मी तो कॉम्पला (थ्रीडी आणि प्लेट एकत्र जुळवायच्या टप्प्याला) पाठवणार नाही. म्हणूनच परत जायला सांगितलं. दीपमाळ जिथे बसणार आहे त्याच्या आसपासच्या चार-पाच दगडांची अंतरं आणि जमिनीपासून कॅमेऱ्याची अंदाजे उंची एवढं टिपून आणलंत तरी पुष्कळ. जाताच आहात तर सकाळी लवकर जा, नंतर पर्यटक दगडांवर बसून असतात.

आता दीपमाळेचा पाया. उंच वस्तूचं वरचं टोक थोडं सरकलं तर आकाशासमोर कुणाला कळत नाही, पण पाया अर्धा पिक्सेल घसरला तरी डोळा पकडतो, कारण शेजारी खरा दगड असतो. म्हणून फ्लोअरसाठी (जमिनीची पातळी ठरवायला) तीन मार्कर निवडताना ते दीपमाळ बसणार त्याच चौथऱ्यावरचे घ्या. पन्नास फूट लांबच्या पायरीवरचे घेऊन तीच पातळी इथेही असेल असं धरू नका. जुन्या घाटाचे दगड खचलेले असतात. पायाशी मार्कर कमी असतील तर तिथे आणखी चार-पाच टाका, थोड्याच फ्रेम टिकले तरी चालतील. मग दीपमाळेऐवजी साधे शंकू आणि चौकटीचा पृष्ठभाग ठेवून पूर्ण गतीनं प्लेबॅक बघा. एकदा मोठ्या पडद्यावर, एकदा दुप्पट मोठं करून फक्त पायाच्या भागावर. ‘स्लाइड होतंय’ हा शेरा सुपरवायझरकडून येण्याआधी आपल्याच डोळ्यांना यायला हवा. कॅमेऱ्याच्या हालचालीची रेषा ग्राफ एडिटरमध्येही पाहा. गिंबलचा शॉट असताना रेषेला करवतीचे दाते असतील तर तो थरथराट मार्करांचा आहे.

डिस्टॉर्शनचं शास्त्रशुद्ध काम असं: मूळ प्लेटला हात लावायचा नाही, सरळ केलेल्या प्लेटवर थ्रीडी बांधायचं, आणि रेंडर झालेल्या थ्रीडीलाच शेवटी लेन्सचा बाक द्यायचा. त्यासाठी रेंडर फ्रेमपेक्षा थोडं मोठं करावं लागतं, नाहीतर बाक दिल्यावर कडा रिकाम्या पडतात. तुमचा लघुपट तुम्हीच पूर्ण करणार आहात, तेव्हा सोपा मार्ग चालेल: सरळ केलेली प्लेटच अंतिम धरा, कडा लपवण्यापुरती दोन-तीन टक्के मोठी करा. मात्र तेवढ्या शॉटची चौकट शेजारच्या शॉटशी खटकत नाही ना, ते संकलनात पाहून घ्या.

प्रत्येक शॉटला हा सगळा खटाटोप लागत नाही. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स झाकायचा असेल, भिंतीवरचा विजेचा मीटर पुसायचा असेल, तर तो सपाट पृष्ठभाग आहे. तिथे प्लेनर ट्रॅकिंग (एका सपाट पृष्ठभागाचाच माग) पुरतं आणि त्यासाठी आफ्टर इफेक्ट्ससोबत मोका येतोच. लांबच्या टेकडीवरचा मोबाइल टॉवर काढायला तर दोन बिंदूंचा साधा ट्रॅकही चालतो. तुमच्या शॉटांपैकी किती खरोखर थ्रीडी कॅमेऱ्याचे आहेत ते आधी वेगळं काढा, यादी निम्मी होईल असं मला वाटतं.

पुन्हा चित्रीकरण होणार असेल तर २५ फ्रेमला नेहमीच्या १/५० ऐवजी शटर १/१०० वर ठेवा. मोशन ब्लर कमी झाला की मार्कर नीट धरतात, आणि ब्लर कॉम्पमध्ये घालता येतो. फोकस हाताने करा, कारण ऑटोफोकस हलला की काही लेन्सचा दृश्यकोनही हलतो.

सिंथआइज कधी घ्यायचं, तर एखाद्या शॉटमध्ये खरंच झूम असेल, किंवा झटक्यात वळलेल्या कॅमेऱ्यामुळे देवळाचे खांब तिरके झाले असतील तेव्हा. ही दोन्ही कामं त्याला येतात, मोजलेली अंतरं तो गणितात धरतो, आणि सॉल्व्ह ब्लेंडरला व आफ्टर इफेक्ट्सला पाठवतो. असे शॉट एकत्र साठवा, प्लेटच्या फ्रेम काढून ठेवा, लेन्सची आणि मापांची वही तयार ठेवा. मग चाचणी आवृत्तीवर एक शॉट करून बघा. सुटला तरच वर्गणी भरा, आणि सगळे अवघड शॉट तेवढ्याच मुदतीत उरकून घ्या. त्या दिवसाची किंमत बोरिसच्या साइटवरच पाहा, दर बदलत राहतात. झूमचा शॉट एकच असेल तर मात्र दिग्दर्शकाला आधी विचारा, की तो झूम नाही ठेवला तर चालेल का.